धुराचे पंचांग

(नागपूरच्या सदर भागात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सदर भागात आजची ही सभा भरली आहे, त्याचे आणि हवेच्या मोजणीचे नाते जवळचे आहे. येथील शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात हवा तपासणीचे केंद्र आहे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास हवा गाळली जाते आणि गाळणीच्या कागदावर साचलेली धूळ तोलली जाते. वर्षाकाठी अशा १०४ नोंदी अपेक्षित असतात. शेजारच्या सिव्हिल लाइन्समध्ये, जनरल पोस्ट ऑफिससमोर, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित यंत्र अहोरात्र हवा मोजते. पुढे महाल, रामनगर आणि अंबाझरी येथेही तशी यंत्रे बसली. याच शहरात १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९७४ पासून ती ‘नीरी’ म्हणून देशभर ओळखली जाते. तात्पर्य, हवेचे शास्त्र शिकण्यासाठी नागपूरकराला दिल्लीला जावे लागत नाही.

परंतु हेच शहर ओलांडून भंडारा मार्गाने पूर्वेकडे निघावे आणि मौद्याला उतरावे, की चित्र पालटते. मौदा हे तालुक्याचे ठिकाण, कन्हान नदीच्या काठचे. पेंचच्या कालव्यांनी या तालुक्याला पाणी दिले आणि धानाची शेती स्थिरावली. बाजार, शाळा, दवाखाना, तहसील कचेरी, सभोवती धान, गहू, तूर, मिरची आणि कपाशी असे हे विदर्भातील शेकडो गावांसारखे एक गाव. त्याच तालुक्यात एनटीपीसीचे २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्रही उभे आहे. शहरातील माणसाची अशी समजूत असते की, गावाकडची हवा म्हणजे अमृत. सुटीत दोन दिवस तेथे राहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण जो तेथे बारा महिने राहतो, त्याला ठाऊक असते की गावाच्या हवेला ऋतू असतात आणि त्यांतील काही ऋतू छातीवर बसणारे असतात.

गावच्या हवेचे बारा महिने

पंचांगाच्या क्रमाने पाहिले तर ही गोष्ट स्पष्ट होते. जूनच्या मध्यास विदर्भात पाऊस पोहोचतो आणि आषाढ-श्रावणात हवा धुऊन निघते. हवेतील कण थेंबांबरोबर खाली बसतात, जमीन ओली असल्याने धूळ उठत नाही आणि वाहत्या वाऱ्यामुळे धूर एका जागी साचत नाही. वर्षातील सर्वांत निर्मळ श्वास याच दिवसांतला.

श्रावण सरला की फवारणीचा हंगाम तापतो. हा धूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची गणना प्रदूषणात कोणी करत नाही. परंतु २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, हा इतिहास फार जुना नाही. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट आणि कोंदट हवा, पाठीवर पंप, तोंडाला फार तर एक दुपट्टा. शेताच्या त्या अरुंद तासांमधली हवा हीच त्या माणसांची हवा होती. कोणत्याही केंद्राने ती मोजली नव्हती.

आश्विन-कार्तिकात धान कापणीला येते. मळणी यंत्रांची भुकटी, कच्च्या रस्त्यांवरून धावणारे ट्रॅक्टर, राइस मिलमधून उडणारा कोंडा यांनी गाव धूसर होते. धानाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तूसच असते, हे लक्षात घेतले म्हणजे भातगिरण्यांच्या परिसरातील हवेची कल्पना येईल. दिवाळीचे फटाके याच दिवसांतले. सणाचा आनंद सणाच्या ठिकाणी. पण दमेकऱ्याची रात्र त्यामुळे अधिक लांबते, हेही खरेच.

मार्गशीर्ष आणि पौष हे महिने हवेच्या दृष्टीने सर्वांत कठीण. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर चढते आणि धूर आपल्याबरोबर उंच नेते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिला टेकलेली हवाही थंड आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असतो. अशा वेळी चुलीचा धूर, शेकोटीचा धूर, वीटभट्टीचा धूर, नगरपंचायतीच्या कचऱ्याच्या ढिगाचा धूर असा सारा धूर घरांच्या छपरांएवढ्या उंचीवर तरंगत राहतो. सकाळी शाळेत निघालेली मुले त्यातूनच चालत जातात. शहरात जे घडते तेच येथेही घडते. फरक इतकाच की येथे धुराचे मूळ पेट्रोलमध्ये कमी आणि काडीकचऱ्यात अधिक असते.

माघ-फाल्गुनात कपाशीची उलंगवाडी होते. वाळलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या उपटून बांधावर ढीग लागतात. काही सरपणाला जातात, उरलेल्या पेटवल्या जातात. मग चैत्र-वैशाखात शेत साफ करण्याची घाई होते. गव्हाची धसकटे, धुऱ्यावरचे गवत, झुडपे यांना काडी लावली जाते. धुरे जाळणे ही विदर्भातील जुनी सवय. त्याच सुमारास जंगलकाठच्या गावांत मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि ती आग कधी कधी जंगलात शिरते. वरून पारा ४५ अंशांच्या आसपास, वाऱ्याच्या वावटळी आणि कोरडी काळी माती. मृगाचा पहिला सडा पडेपर्यंत हे चालते.

आत्रेयांचा इशारा

हवा बिघडली तर माणसे सामुदायिक रीतीने आजारी पडतात, हा विचार या देशाला पाश्चात्त्यांनी शिकवलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा तिसरा अध्याय आहे. गंगेच्या तीरावर, पांचालांच्या कांपिल्य नगरीच्या परिसरात, पुनर्वसू आत्रेय शिष्य अग्निवेशाला समजावून सांगतात. प्रत्येकाची प्रकृती, आहार, वय आणि बळ वेगवेगळे असूनही एकाच वेळी संपूर्ण जनपद आजारी का पडते, हा तेथील प्रश्न आहे. उत्तर असे की वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान आहेत. त्या बिघडल्या की कोणीच सुटत नाही. बिघडलेल्या वायूची लक्षणे सांगताना ऋतूला विपरीत असणे, अगदी स्तब्ध असणे, दुर्गंध, वाळू, धूळ आणि धुराने भरलेले असणे यांचा स्पष्ट उल्लेख येतो. पौषातल्या मौद्याच्या पहाटेचे याहून नेमके वर्णन आजच्या अहवालातही सापडणार नाही.

त्या अध्यायाचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. हा बिघाड दैवामुळे होतो असे आत्रेय म्हणत नाहीत. मूळ अधर्मात, म्हणजे कर्तव्यच्युतीत आहे आणि तिचा आरंभ जनपदाच्या प्रमुखांपासून होतो, असे ते सांगतात. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर हे वाक्यही पचवले पाहिजे. चरकाचे नाव घेऊन टाळ्या मिळवणे सोपे आहे. गावच्या प्रमुखांनी कचऱ्याचा ढीग पेटू न देणे हे अवघड आहे.

मोजमाप नसलेली गावे

आता आधुनिक व्यवस्थेकडे वळू. हवेतील अतिसूक्ष्म कण, ज्यांना पी.एम. २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढे असतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांच्या सरासरीत त्यांचे प्रमाण प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१९ या एका वर्षात भारतातील सुमारे १६.७ लाख मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी जोडला. त्यांपैकी सुमारे ६.१ लाख मृत्यू घरातील, म्हणजे मुख्यतः चुलीच्या धुरामुळे झाल्याचा अंदाज आहे. हा आकडा शहराचा नाही. तो खेड्यातल्या स्वयंपाकघराचा आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातील १३१ शहरे आली. महाराष्ट्रातील १९ शहरांपैकी नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला ही चार विदर्भातील. ही यादी कशी ठरली, तर मुख्यतः ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षे मानकांपेक्षा वाईट असल्याची नोंद होती, ती शहरे घेतली गेली. यातला पेच श्रोत्यांच्या ध्यानात आला असेल. जेथे नोंदच नाही, तेथे दोष सिद्ध होत नाही. जेथे दोष सिद्ध होत नाही, तेथे योजना येत नाही आणि निधीही येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी दिलेली अनुदाने दशलक्षांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांकडे गेली. मौदा, कुही, भिवापूर, नरखेड यांसारख्या गावांची फुप्फुसे काही निराळी नसतात, पण मोजपट्टी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

शेतकरी का पेटवतो?

शहरातल्या सुशिक्षित मंडळींचा पहिला रोष शेतकऱ्यावर असतो. दिल्लीच्या परिसरासाठी २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने पराली जाळण्याचा दंड दुप्पट केला. दोन एकरांपर्यंत ५ हजार, पाच एकरांपर्यंत १० हजार आणि त्याहून अधिक जमिनीला ३० हजार रुपये. विदर्भातही असेच करावे, असे काही जण सुचवतात. तत्पूर्वी शेतकऱ्याचा हिशेब समजून घेणे उचित ठरेल.

पूर्वी धानाची कापणी विळ्याने होई. तणस बैलांच्या आणि गाईंच्या दावणीला जाई, सोयाबीन-हरभऱ्याचे कुटारही जनावरे खात. गोठा भरलेला होता, म्हणून शेतात जाळण्यासारखे फारसे उरतच नसे. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, विळ्याच्या जागी हार्वेस्टर आला आणि गोठा रिकामा झाला. हार्वेस्टर लोंब्या नेतो आणि उंच धसकटे मागे ठेवतो. ती उपटायला मजूर मिळत नाही. मिळाला तर परवडत नाही. पुढच्या पिकाची पेरणी दाराशी उभी असते. अशा वेळी एका काडीत एकर साफ होतो. कपाशीचेही तसेच. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली विदर्भात हाहाकार केला, तेव्हापासून पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, असा सल्ला कृषी खाते देते, कारण त्यांतील किडक्या बोंडांत अळी दडून राहते. सल्ला योग्य आहे. पण पऱ्हाटी उपटल्यावर तिचे करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर परवडेल अशा दरात मिळाले नाही, तर तो ती पेटवणारच.

तरीही जाळण्यात त्याचे नुकसानच आहे, हे त्याला सांगितलेच पाहिजे. एक टन तणस जाळले की सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश जमिनीच्या हिशेबातून वजा होते. ज्या युरियासाठी आणि पोटॅशसाठी तो कृषी केंद्रासमोर रांग लावतो, तेच तो वावरात पेटवून देतो. वरच्या थरातले गांडूळ आणि सूक्ष्म जीव होरपळतात ते निराळेच.

राखेचा वाटा

परंतु न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. शेतकऱ्याच्या काडीकडे बोट दाखवताना धुरांड्याकडे पाठ फिरवता येणार नाही. भारतीय कोळशात साधारणतः ३० ते ४० टक्के राख असते. नागपूर जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा आणि मौदा अशी तीन मोठी केंद्रे कोळसा जाळतात. महाराष्ट्राला आणि देशाला उजेड मिळतो, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र राखेचे तलाव येथल्याच शिवारात आहेत. २०२२ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख तलाव फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांतून आणि नाल्यांतून नदीपर्यंत गेले. उन्हाळ्यात तलावाचा पृष्ठभाग कोरडा पडला की हीच राख वाऱ्यावर उडते आणि धानाच्या पातीवर, संत्र्याच्या पानावर बसते. राखेचा पूर्ण वापर व्हावा यासाठी पहिली अधिसूचना १९९९ साली निघाली, नवी २०२१ च्या अखेरीस निघाली. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २०१५ साली घालण्यात आली. २०२५ च्या जुलैमध्ये देशातील बहुतांश वीज केंद्रांना तो वायू रोखणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट देण्यात आली. शेतकऱ्याला दंड आणि केंद्राला मुदतवाढ, अशी भावना ग्रामीण मनात रुजली तर त्याचा दोष ग्रामीण मनाला देता येणार नाही.

उत्तर याच मातीत

विशेष हे की या प्रश्नाची अनेक उत्तरे विदर्भाच्याच मातीत जन्मली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची सोपी पद्धत शोधली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली. विटांची, भिंतींत भोके ठेवलेली, दहा फूट लांब आणि तीन फूट उंच टाकी. तिच्यात सुमारे दीड टन काडीकचरा, शंभर किलोच्या आत शेण, माती आणि पाणी यांचे थर. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. एका जनावराच्या शेणात एवढे खत होऊ शकते, हे या पद्धतीचे मर्म. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी आच्छादनाचा विचार घराघरांत पोहोचवला. पिकाचे अवशेष जमिनीवरच पसरून ठेवावेत, ते ओल धरतात आणि कुजून माती होतात, हे त्यांचे सांगणे. कपाशीच्या संशोधनाचे काम करणाऱ्या मुंबईच्या ‘सिरकॉट’ संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे.

चुलीच्या धुराबाबतही तसेच. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर काढणाऱ्या ‘मगन चुली’चा प्रयोग झाला, ‘नीरी’ने ‘नीरधूर’ नावाची सुधारित चूल बनवली. पुढे २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिची आठ कोटींवी जोडणी महाराष्ट्रातच, आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात दिली गेली. हे काम मोठे आहे. पण सिलिंडर घरात आणि स्वयंपाक चुलीवर, असे दृश्य आजही अनेक गावांत दिसते, कारण भरलेले सिलिंडर महाग आणि पऱ्हाटी फुकट. जोडणी दिल्याने धूर संपत नाही. भरणा परवडला तरच संपतो.

आणि मौद्यासाठी तर एक मार्ग अगदी दारातच आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण जाहीर करून कोळशाच्या वीज केंद्रांना शेतातील अवशेषांच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, पाच टक्क्यांपर्यंत कोळशात मिसळण्यास सांगितले. पुढे हे प्रमाण सात टक्क्यांकडे नेण्याचे ठरले. ज्या तालुक्यात पऱ्हाटी आणि धसकटे बांधावर जळतात, त्याच तालुक्यात ती विकत घेऊ शकणारी भट्टी उभी आहे. मध्ये तुटलेली कडी आहे ती गोळा करणाऱ्याची. गावोगावी पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र, गठ्ठे बांधणारे यंत्र, साठवणीची जागा आणि रोख दर देणारी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था उभी राहिली, तर जे जळते ते विकले जाईल. ज्या दिवशी पऱ्हाटीच्या गाडीला दर मिळेल, त्या दिवशी तिला काडी लावणारा हात आपोआप थांबेल. त्यासाठी दंडाच्या पावतीपुस्तकाची गरज फारशी उरणार नाही.

कर्तव्याची वाटणी

हे सारे सरकारच्या माथी मारून मोकळे होणे योग्य नाही. १९८१ च्या वायू कायद्यातच उघड्यावर जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार आहे. नगरपंचायतीने निदान आपल्या कचऱ्याच्या ढिगाला आग लागू न देणे एवढे तरी त्यानुसार केले पाहिजे. वीज केंद्रांना परिसरातील हवा मोजण्याचे बंधन असतेच; ते आकडे मराठीत, ठळक अक्षरांत, बाजाराच्या चौकातील फळ्यावर रोज लागावेत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी किमान हिवाळ्याचे चार महिने तरी हवा मोजली जावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात दमा आणि खोकल्याच्या रुग्णांची नोंद महिनावार व्हावी, म्हणजे पौष आणि आषाढ यांतला फरक गावालाच दिसेल. फवारणीच्या मजुराला मुखपट्टी, हातमोजे आणि दुपारच्या वाऱ्यात काम न करण्याची मुभा द्यावी, ही तर साधी माणुसकी आहे.

समाजाचेही काम आहे. होळीत पूर्वी गोवऱ्या आणि गळून पडलेली लाकडे जात. आज कुठे कुठे टायर आणि प्लास्टिक जाते. तो धर्म नव्हे, तो आळस आहे. सणाचे पावित्र्य राखणारे तरुणच हे थांबवू शकतात, बाहेरून आलेल्या उपदेशकाचे तेथे कोणी ऐकणार नाही. गावातील मंडळांनी, शाखांनी, महिला बचत गटांनी एका हंगामात एक गाव निवडावे, तेथे दहा नाडेप टाक्या बांधाव्यात आणि एका धुऱ्यालाही काडी लागू देऊ नये. पुढच्या वर्षी शेजारचे गाव विचारायला येईल.

शहरातील श्रोत्यांसाठी शेवटची एक गोष्ट. मौद्याहून तांदूळ येतो, वीज येते, भाजी आणि मिरची येते. त्या बदल्यात तेथे राख, धूर आणि फवाऱ्याचा वास राहतो. नागपूरच्या चौकात हवेचा आकडा झळकतो, तेव्हा तो आपल्यासाठी आहे असे शहरी माणूस मानतो. तसाच आकडा मौद्याच्या शाळेसमोर लागावा, यासाठी सदरमधून एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जावे. दोन्ही कार्यालये याच परिसरात आहेत. निवेदन या आठवड्यातच द्यावे, कारण हंगाम कोणाची वाट पाहत थांबत नाही.